मागच्या रांगेतून

१

आमचे हे पोटापाण्यासाठी माणसं मारायचे. कागदावर, अर्थात. एरवी बाथरूममध्ये झुरळ दिसलं तरी दाराबाहेर उभे राहून हाक मारत, "अगं, जरा येतेस का?" मग मी चप्पल घेऊन जायची. पण यांच्या कादंबऱ्यांत दर दहा पानांना एक मुडदा. वाचकांना तेच हवं असायचं.

महिन्यातून एकदा तरी कुठंतरी वाचकांशी गप्पांचा कार्यक्रम असे. मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. सुट्टी जुळली की मीही थर्मास घेऊन बरोबर जायची, कारण तासभर बोलले की यांचा घसा बसतो. प्रश्न ठरलेले. कल्पना कुठून सुचतात? हातानं लिहिता की कॉम्प्युटरवर? पहिलं कोण वाचतं? मग कोणीतरी माझ्याकडे वळून विचारणार, "वहिनी, अशा माणसाबरोबर राहायची भीती नाही वाटत?" मी म्हणणार, "यांच्या घोरण्याची वाटते." हशा.

शेवटचा प्रश्नही ठरलेला. "सर, तुमच्या कादंबरीत मला मारायचं झालं तर कसं माराल?"

हा यांचा हुकमी एक्का. हे त्या माणसाला उभं करायचे, धंदा विचारायचे, चष्म्यावरून न्याहाळायचे आणि जागच्या जागी त्याला शोभेल असं मरण देऊन टाकायचे. माणूस खूश होऊन घरी जायचा. आपल्याला लेखकानं मारलं म्हणून चार लोकांना सांगत सुटायचा.

त्या संध्याकाळी कार्यक्रम वाचनालयाच्या हॉलमध्ये होता. विचारणारा ड्रायव्हिंग शिकवणारा मास्तर होता, मिशीवाला, पोट सुटलेला.

"तुम्ही?" हे म्हणाले. "तुम्ही रस्त्यावर मरणार नाही. शिकाऊ पोरांना जे जमलं नाही, ते तुमची स्वतःची गाडी करेल. तुमच्याच गॅरेजमध्ये, तुम्हीच लावलेली. उतारावरून हळूच पुढं येईल."

लोक हसले. मास्तर सगळ्यांत जोरात.

आणि मागून आवाज आला, "मग?"

लहानसाच आवाज. ना बाईचा, ना बाप्याचा. गोष्ट ऐकता ऐकता ज्याला राहवत नाही, अशा माणसाचा. हे खुलले.

"मग बंपर आणि भिंत यांच्या मध्ये मास्तर. डाव्या बाजूच्या फासळ्या एकामागून एक जाणार. वाळक्या काटक्या मोडाव्यात तशा."

"मग?"

"ओरडायला जाईल, पण छातीत हवाच नाही. उजव्या हातानं गॅरेजचं फाटक धरलेलं. फाटक मिटतं. अंगठा उलटा वळतो, पार मनगटाला टेकेपर्यंत."

"मग?"

"मग बराच वेळ काहीच होत नाही. तेच तर वाईट."

ग्रंथपालबाईंनी घाईनं टाळ्या वाजवल्या आणि कार्यक्रम संपला. मी कोण विचारत होतं ते बघायला मागं वळले. मागच्या रांगाच नव्हत्या. बाईंनी गर्दी कमी म्हणून तिथल्या खुर्च्या एकात एक घालून भिंतीशी लावून ठेवल्या होत्या.

"मागं कोण बसलं होतं हो?" मी बाईंना विचारलं.

"मागं? कोणी नाही. सर आज अगदी रंगात आले होते, नाही? कोणी न विचारताच बोलत सुटले."

रिक्षात यांना विचारलं, तर हे म्हणाले, "होता कोणीतरी. चांगला कान आहे त्याला. असा ऐकणारा मिळायला भाग्य लागतं." घरी पोचेपर्यंत हे गालातल्या गालात हसत होते.

२

मास्तरला स्ट्रेचरवरून माझ्याच खोलीत आणलं. दुपारची वेळ होती, बाहेर बाकावर खोकल्याचे पेशंट रांगेत बसले होते. वॉर्डबॉय म्हणाला, "गाडीचा हँडब्रेक सुटला म्हणे. घरच्याच गॅरेजमध्ये."

मी हात धुतले, मशीन खाली घेतलं, प्लेट सरकवली. हात आपोआप काम करत होते. पडद्यावर छाती उमटली. डावीकडच्या फासळ्या वरून खालपर्यंत मोडल्या होत्या. एकही सलग नव्हती. उजवी बाजू मात्र धडधाकट. मग हाताचा एक्स-रे घेतला. अंगठ्याचं हाड खोबणीतून निघून मनगटाला टेकलं होतं.

मी स्वतःला समजावलं. गाड्या सरकतात. मास्तरच्या डोक्यात ते बसलं असेल, गडबडला असेल. भिंतीशी सापडलेल्या माणसाच्या फासळ्या मोडणार नाहीत तर काय. आणि अंगठा? अंगठ्याचंही होतं असं कधी कधी. मी पंचवीसेक वर्षांत पाहिला नव्हता म्हणून काय झालं.

प्लेट काढून घेताना मास्तरनं डोळे उघडले. मला ओळखलं. तोंडातून लालसर फेस येत होता.

"वहिनी," तो म्हणाला, "सरांना सांगा... पुरे म्हणावं."

तो संध्याकाळी गेला. त्याची बायको सांगत होती, गाडी आणि भिंतीच्या मध्ये तो बराच वेळ होता. ती आत टीव्ही बघत होती. त्याची हाक काही आली नाही.

३

घरी आल्यावर मी यांना सगळं सांगितलं.

"योगायोग," हे म्हणाले.

"अंगठासुद्धा?"

"मी काय करू मग? मी काय गाडी ढकलली?"

"ढकलली नाही तुम्ही. पण पुन्हा तो प्रश्न आला तर उत्तर द्यायचं नाही. माझी शपथ आहे."

यांनी मान डोलावली. मास्तरच्या घरी जाऊन आले, परतल्यावर न जेवता झोपले. पुढचा कार्यक्रम रद्द करा म्हटलं, तर पत्रिका वाटून झाल्या होत्या. ग्रंथपालबाई फोनवर रडकुंडीला आल्या. यांना कोणाला नाही म्हणता येत नाही, हा यांचा जुना रोग.

या वेळी हॉल गच्च भरला होता. अशा बातम्या काय, वाऱ्यावर पसरतात. लोकांच्या डोळ्यांत नुसतं कुतूहल. एकच प्रश्न सगळ्यांच्या ओठांवर होता, आणि तो विचारायची हिंमत कोणाची होत नव्हती. शेवटी ग्रंथपालबाईच उठल्या. सगळ्यांचं दडपण घालवावं म्हणून, हसत हसत. स्वभावच तसा बाईंचा, पंगतीत कोणाला ठसका लागला तरी ह्याच पाणी घेऊन धावणार.

"सर, आज माझी पाळी. मला कसं माराल?"

"तुम्ही खूप म्हाताऱ्या व्हाल," हे घाईघाईनं म्हणाले. "खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागेल. मांडीवर पुस्तक. झालं."

"छे! हे काय सर!" लोक ओरडले. कोणीतरी शिट्टी मारली.

त्या गलक्यात, अगदी शांतपणे, "मग?"

मी यांच्याकडे पाहिलं. यांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले होते. ओठ घट्ट मिटलेले.

"मग?"

"मग... मांडीवरचं पुस्तक पडतं. ते उचलायला वाकतात. मागं लोखंडी रॅक आहे. ठासून भरलेलं. ते पुढं कलतं." आवाज आधी अडखळत होता, मग चढत गेला. "बाई मान वर करून बघतात, म्हणून घाव तोंडावर बसतो. जबडा दोन ठिकाणी फुटतो. समोरचे दात घशात जातात. वरचा कप्पा निसटतो आणि—"

यांचे डोळे चमकत होते. खरं सांगायचं तर, हे थांबूच शकत नव्हते की यांना थांबायचं नव्हतं, हे मला अजून कळलेलं नाही. मी उठले आणि थर्मासमधला चहा यांच्या अंगावर ओतला. हे किंचाळले. माईक खाली पडून कर्कश्श वाजला. लोक खुर्च्या सारत उठले.

त्या धांदलीत मी मागं पाहिलं. मागच्या भिंतीशी दाटीनं माणसं उभी होती. मध्येच एका जागी मात्र कोणी नव्हतं. एका धिप्पाड माणसाएवढी जागा रिकामी, आणि तिच्या दोन्ही बाजूंची माणसं अंग चोरून उभी होती. का, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सुताराला घेऊन वाचनालयात गेले. सगळी रॅकं भिंतीला ठोकून घेतली. बाई हसल्या, "अहो वहिनी, तुम्ही पण ना!" सुतार लोंबकळून बघून म्हणाला, हत्ती आला तरी हलणार नाही.

बाईंना आठवड्याच्या आत माझ्यासमोर आणलं. भिंतीतून स्क्रू उपटून रॅक आलं होतं. जबडा दोन ठिकाणी फुटलेला. छातीच्या एक्स-रेत घशाच्या खाली तीन दात दिसले, पांढरे शुभ्र. पण डोकं शाबूत होतं. वरचा कप्पा निसटला नव्हता. यांनी तो निसटवायच्या आतच मी चहा ओतला होता.

तारेनं जबडा बांधल्यावर मी बाईंना वॉर्डात भेटायला गेले. बोलता येत नव्हतं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि डोळे विस्फारून माझ्या खांद्यामागे बघत राहिल्या. मी वळून पाहिलं. औषधांची गाडी होती, दुसरं काही नाही.

४

कार्यक्रम बंद झाले. फोन बंद. दारावरची यांच्या नावाची पाटीसुद्धा मी काढून ठेवली. प्रश्न विचारायला माणूसच नसेल तर उत्तर कोणाला देणार, असा माझा सरळ हिशेब.

रविवार होता. दुपारचं जेवण व्हायचं होतं. मी ओट्याशी भाजी चिरत होते. हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. पेपराचं पान उलटल्याचा आवाज, नळाची टिपटिप, खालच्या मजल्यावर कोणाच्या तरी घरी रेडिओ. कितीतरी दिवसांनी घर घरासारखं वाटत होतं.

"म्हातारी होईल," हे बाहेर म्हणाले.

मी सुरी थांबवली. "काय म्हणालात?"

"नव्वदीची. नातवंडांत. झोपेत."

मी दारात गेले. यांनी पेपर तोंडासमोर धरला होता.

"कोणाशी बोलताय?"

"तुझ्याबद्दल विचारतंय," हे म्हणाले. "कालपासून. आता कोणी प्रश्न विचारायची गरजच राहिली नाही गं त्याला. मी चांगलंच सांगतो, तू झोपेत जातेस म्हणतो, तर 'मग?' म्हणतं. चितेवर जळून सगळं संपलं म्हणतो, तरी 'मग?' म्हणतं. रात्रभर कानात कापूस घातला. कापसाच्या आतून येतं."

माझ्या मनात पहिला विचार आला तो आमच्या हॉस्पिटलातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांचा. सोमवारी त्यांची ओपीडी असते. उद्याच नेऊ. माणूस दोन धक्क्यांनी खचलाय, एवढंच. मी यांच्या खांद्यावर हात ठेवला.

माझ्या मागं, स्वयंपाकघरात, ओट्यावर काहीतरी सरकलं. सुरी. दगडावरून पातं ओढत न्यावं, तसा लांबलचक आवाज.

"मग?"

या वेळी तो आवाज लहान नव्हता.

यांचं तोंड उघडलं. "बाई स्वयंपाकघरात परत जाते," हे म्हणाले. यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण जीभ चाललीच होती. "ओट्यावर सुरी नसते. ती खाली वाकून—"

यांनी स्वतःच्या जिभेवर कचकन दात रोवले. रक्त हनुवटीवरून सदऱ्यावर आलं. मी "अहो!" म्हणून ओरडले. आत सुरी थांबली. आणि खोलीत हवा जड झाली, जणू कोणीतरी आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभं आहे आणि वाट बघतंय.

हे माझ्याकडे बघत होते. तीस वर्षांच्या संसारात मी यांना इतकं शहाणं कधी पाहिलं नव्हतं.

"बाई नाही," हे रक्तानं भरलेल्या तोंडानं म्हणाले. "चुकलं माझं. बाई त्या गोष्टीत नाहीच. गोष्ट लेखकाची आहे. तो घरात एकटा असतो. पेपर वाचत. आधी त्याची करंगळी जाते."

काटकन आवाज झाला. पेपर धरलेल्या यांच्या उजव्या हाताची करंगळी मागं वळली. आपोआप. मी बघत होते. तिला कोणी हात लावलेला दिसला नाही.

"मग?"

"मग तिच्या शेजारचं. मग मधलं." काट. काट. हे ओरडले नाहीत, कारण ओरडण्यात शब्द वाया गेले असते. मी यांचं तोंड दाबायला धावले. यांनी डाव्या हातानं मला असं ढकललं की मी भिंतीवर आदळले. आयुष्यात पहिल्यांदा यांनी माझ्यावर हात उचलला. मान हलवून मला नाही म्हणाले. थांबलो तर ते तुझ्याकडे वळेल, एवढं त्या नजरेत स्पष्ट होतं.

"मग मनगट. मग कोपराखालचं हाड. ओला कपडा पिळावा तसं."

पेपर गळून पडला. यांचा हात हवेत तसाच वर राहिला, कोणीतरी धरून ठेवल्यासारखा. आणि तो पिळला गेला. हाड कातडीतून बाहेर आलं. रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर उडाली, गरम. मी त्या हाताच्या आजूबाजूला वेड्यासारखे गुद्दे मारले. माझे गुद्दे हवेतून गेले. एकदा मात्र कशाला तरी लागले. ते कातडं होतं, मऊ आणि ऊबदार. मी हात मागं घेतला, तो पुन्हा पुढं करायचं धैर्य मला झालं नाही.

"मग?" ते म्हणालं. अगदी खुशीत.

यांचा श्वास तुटत होता. ओठ पांढरे पडले होते. तरी हे हसले. शेवट सापडला की यांच्या चेहऱ्यावर जे हसू येतं ना, टेबलाशी बसलेले असताना मी कितीदा पाहिलं होतं, तेच.

"मग लेखकाच्या मेंदूतली एक शीर तुटते," हे म्हणाले. "तो जगतो. पण त्या क्षणापासून त्याच्या तोंडून एक शब्दही निघत नाही. कधीच. संपली गोष्ट."

यांचं तोंड एका बाजूला ओघळलं. वर धरलेला हात धपकन खाली पडला.

"मग?" ते म्हणालं.

हे नुसते बघत राहिले.

"मग? मग?" टेबल उलटलं. काचेचं कपाट भिंतीवर आपटून फुटलं, यांची सगळी पुस्तकं खोलीभर उडाली. मी यांच्या अंगावर पालथी पडून राहिले. किती वेळ, कोण जाणे. शेजाऱ्यांनी दार तोडलं तेव्हा आत फक्त आम्ही दोघं होतो.

५

आमच्या कॅज्युअल्टीत सगळे मला ओळखतात, पण त्या दिवशी कोणी माझ्या नजरेला नजर देईना. नवऱ्याचा हात पिळून मोडलेला, बायकोच्या तोंडावर रक्त, घर उद्ध्वस्त. नर्सनं दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं. सोशिक बाई, शेवटी उलटली, असंच काहीतरी असणार. मी सगळ्यांना सांगितलं, कपाट अंगावर पडलं. कोणाला पटलं नाही. मला तरी कुठं पटण्यासारखं सुचत होतं?

"एक्स-रे दुसरी कोणी काढेल," सिस्टर म्हणाली. "तू बस."

"मीच काढणार," मी म्हणाले.

खोलीत यांना टेबलावर घेतलं. मोडलेला हात प्लेटवर ठेवला. यांच्या गालावरून मी हात फिरवला. हे माझ्याकडे बघत होते, समजत होतं सगळं. जिवंत होते. तेवढ्यावर मी समाधान मानलं. वॉर्डबॉयला बाहेर पाठवलं, दार लावलं, शिशाच्या पडद्याआड जाऊन बटण दाबलं. खोलीत यांच्याशिवाय कोणी नव्हतं. हे मी कोणत्याही कोर्टात सांगेन.

शेजारच्या खोलीत रेडिओलॉजिस्ट डॉक्टर पडद्यासमोर बसले होते. वयस्क माणूस, सरळ. त्यांनी चित्र मोठं केलं आणि जीभ टाळ्याला लावून च्च केलं.

"पेशंटला धरायला कोणाला उभं केलं होतंस? किती वेळा सांगायचं, किरणांत हात आणू देऊ नका."

मी पुढं होऊन बघितलं. यांच्या कोपराखालची मोडलेली हाडं दिसत होती. आणि त्यांच्याभोवती, घट्ट आवळलेला, दुसरा एक पंजा होता. पाच बोटं. प्रत्येक हाड स्पष्ट. यांचा सगळा हात त्यात मावला होता, इतका मोठा.

"कोणी नव्हतं, सर," मी म्हणाले.

त्यांना ऐकू गेलं नसावं. ते बोटानं पडद्यावर दाखवत होते. त्या पंजाच्या प्रत्येक हाडाच्या टोकाशी एक बारीक काळी फट होती. लहान मुलांच्या हाडांना असते तशी. वाढ पुरी झाली की ती भरून येते.

"हे बघ, गंमत आहे," डॉक्टर पुटपुटले. "एवढा थोराड पंजा, आणि हाडं अजून जुळायचीत. कोवळं आहे कोणीतरी. अजून बरंच वाढणार." मग चष्मा काढून डोळे चोळत म्हणाले, "जाऊ दे. पेशंटचं हाड झाकलं गेलंय, मला काही दिसत नाही. पुन्हा काढ. आणि धरणाऱ्याला बाजूला व्हायला सांग."

मी परत आत गेले. हे तसेच पडून होते. डोळे माझ्याकडे नव्हते, टेबलाच्या पलीकडच्या रिकाम्या जागेकडे होते. पंख्याची घरघर चालू होती. मी नवी प्लेट सरकवली, यांचा हात नीट केला. रोज रडक्या पोरांना ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात मी बोलले.

"जरा बाजूला हो, राजा."

दुसरी प्लेट अगदी स्वच्छ आली.